कडू दुधीचे दोन धनी

फार मागे, वाराणसीच्या सिंहासनावर भाजीच्या चवीबद्दल भलताच काटेकोर असा एक राजा बसला असताना, बोधिसत्त्व वरणा नदीच्या काठी माळ्यांच्या आळीत जन्माला आला होता. तिथे त्याचे नाव सोमिल असे होते.

त्या आळीत बारा घरे होती आणि प्रत्येक घरामागे एक परस. परस म्हणजे काही मोठा मळा नव्हे. दोन ओळी वांगी, एक वाफा माठाचा, कोपऱ्यात केळ, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कुंपणाच्या भिंतीलगत दुधीचा मांडव, बस्स. राजाच्या आजोबांनी ही घरे माळ्यांना राहायला दिली होती, पण एका अटीवर. दर आश्विन पौर्णिमेला प्रत्येक घराने एक दुधी राजाच्या पाकशाळेला द्यायचा. तो घरच्या बियाचा हवा, कोवळा हवा आणि गोड हवा. लागोपाठ तीन वर्षे ज्याचा दुधी नापसंत ठरेल, त्याने कार्तिक लागायच्या आत घर-परस सोडून चालते व्हायचे.

सोमिलच्या भिंतीला भिंत लागून रोहक नावाचा माळी राहत असे. पहिल्या वर्षी त्याचा दुधी आतून जून आणि फोपसा निघाला. दुसऱ्या वर्षी पाकशाळेच्या अधिकाऱ्याने देठाकडची चकती कापून जिभेवर ठेवली आणि तिथल्या तिथे थुंकून टाकली. कडू जहर! सगळी आळी बघत होती. रोहकाच्या तोंडचे पाणी पळाले. आता एकच वर्ष हातात होते. घरात बायको उत्पला, दोन लहान मुली आणि तो स्वतः. या परसाबाहेर त्यांना जगात कुठेही बोटभर जागा नव्हती.

दुसरा कोणी असता तर आपल्या वाफ्यातली माती हातात घेऊन पाहिली असती. रोहकाने भिंत पाहिली. मधल्या भिंतीत, केळीच्या मागे, हातभर लांबीची एक फट होती. त्या दिवसापासून रोहकाचा एक डोळा त्या फटीला चिकटला तो चिकटलाच.

कारण भिंतीच्या पलीकडे सोमिलच्या परसात सगळेच दृष्ट लागण्यासारखे होते. वांगी अशी तुकतुकीत की तेल चोळल्यासारखी. पडवळ सरळसोट. आणि दुधी तर गेली सात वर्षे राजाच्या पहिल्या पानात पडत होता तो सोमिलचाच. तीच नदी, तीच माती, तेच ऊन. मग याच्याकडे असे आणि माझ्याकडे तसे, हे कसे? रोहकाच्या मनात पाल चुकचुकली.

"अगं, तो काहीतरी करतो," रोहक उत्पलेला म्हणाला.

"करतोच की. सकाळपासून राबतो."

"तसं नव्हे गं! काल उजाडता उजाडता पानांवर राख फुंकत होता. राख कशाला लागते, सांग."

"किडीला लागते," उत्पला भाकरी थापत म्हणाली. "माझी आईसुद्धा टाकायची."

"आणि शेण? ताजं शेण वाफ्यात न घालता खड्ड्यात पुरतो. वर पाला टाकतो, माती टाकतो आणि वर्षभर त्याला हात लावत नाही. शेण कोणी पुरून ठेवतं का? त्याखाली काहीतरी आहे, मी सांगतो तुला."

"मग जा आणि विचारा त्यांना. हाकेच्या अंतरावर तर आहेत."

"विचारल्यावर खरं सांगायला तो खुळा आहे होय?"

यावर उत्पलेने तवा जरा जोरातच आपटला.

पण खरी पाचावर धारण बसली ती रोहकाने संध्याकाळचा प्रकार पाहिला तेव्हा. दुधीची पांढरी फुले दिवस कलताना उमलतात. त्या वेळी सोमिल मांडवाखाली गेला, एक फूल देठासकट खुडले, त्याच्या पाकळ्या मागे सारल्या आणि ते दुसऱ्या, बुडाशी बारीक दुधी धरलेल्या फुलाच्या तोंडाला हळूच टेकवले. मग तिसऱ्याला टेकवले. ओठ तर सारखे हलत होते. ज्या फुलाला फळ धरायचे त्याला दुसऱ्या फुलाचा पराग आपल्या हाताने पोचवावा, म्हणजे फळ वाकडे होत नाही आणि गळत नाही, एवढेच ते काम. ओठ हलत होते ते किती फुले झाली हे मोजताना. पण आळीत ही रीत कोणाला ठाऊक नव्हती. ते काम सगळे पाखरांवर सोडून देत. फटीतून पाहणाऱ्याला तो मंत्र वाटला.

"माझ्या वेलांचं सत्त्व ओढून घेतोय तो," रोहक घरात येऊन कुजबुजला.

अशा माणसाकडे त्या कार्तिकात सोमिल आपण होऊन आला. दाराशीच उभा राहिला, कारण रोहकाने आत ये म्हटले नाही.

"रोहका, राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण तू वाफ्यात ओलं शेण घालतोस, त्यानं मुळं भाजतात. कुजलेलं घाल. माझ्याकडे खड्डाभर आहे, हवं तेवढं ने. आणि पाणी दिवसातून तीनदा नको. बोट खुपसून पाहायचं, कोरडं लागलं तरच द्यायचं. तहान-पूर असं दोन्ही झालं की दुधी कडू होतो."

"बरं बरं, दादा," रोहक गोड हसून म्हणाला. सोमिल वळताच त्याने दार लावून घेतले. "ऐकलंस? माझ्या वेलांना उपाशी ठेव म्हणतोय! तहानलेले ठेव म्हणतोय! शेवटच्या वर्षी!" आणि त्याच दिवशी त्याने दोन पाट्या ओले शेण जास्तीचे आणून वाफ्यात ओतले.

आता या आळीतली एक जुनी खोड सांगायला हवी. राजाची अट घरच्या बियाची. त्यामुळे प्रत्येक घर आपले बी जिवापाड जपे आणि दुसऱ्याला देत नसे. तोंडावर नाही म्हणायची तर चोरी, शेजार आहे, लग्नकार्य आहे. मग कोणी बी मागितलेच तर ते आधी खापरावर मंद आचेने परतून घ्यायचे आणि हसतमुखाने द्यायचे. बी दिसायला जसेच्या तसे, फक्त जरा तांबूस. पेरणारा महिनाभर वाट पाहत बसे आणि शेवटी आपल्याच नशिबाला बोल लावी. बाराही घरांनी हे कधी ना कधी केले होते. रोहकाने तर सख्ख्या मेव्हण्याला केले होते आणि वर त्याच्या घरी जाऊन "अरेरे, उगवलंच नाही का?" असे हळहळूनही आला होता. सोमिलने हे कधी केले नव्हते, पण तेवढे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण त्याच्याकडे बी मागायची कोणाची छातीच होत नसे.

वैशाखात सोमिलने परसात बसून मागल्या हंगामाचा वाळका दुधी फोडला. हा दुधी रोहकाला चांगला आठवत होता. मांडवावरचा सगळ्यात देखणा दुधी तो. पण सोमिलने त्याला दोरा बांधून वेलावरच जून होऊ दिला होता. सगळी आळी उत्तम ते राजाला देई आणि राहिलेसाहिलेले, वाकडे, किडके वेल सुकल्यावर बियासाठी काढी. हा शहाणा नेमके उलटे करी.

सोमिलने बी एका पाण्याच्या परातीत टाकले. थोडा वेळ थांबला. भरलेले, जड बी तळाला गेले, पोकळ तरंगत राहिले. तळाचे त्याने एका फडक्यावर काढले, वरचे दुसऱ्या फडक्यावर. दोन दिवस सावलीत सुकवले. मग त्यांच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. त्यातली एक पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि दुसरी हातात घेऊन रोहकाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"हे बी ठेव. यंदा हेच पेर. आता हे तुझं, तुझ्या घरचं. माझा यावर काही हक्क नाही."

रोहकाला मागायची वेळच आली नव्हती. न मागता दिले! त्याने पुरचुंडी घेतली, दोन्ही हात जोडले, दार लावले आणि गाठ सोडली. आत एकवीस बिया होत्या. टपोऱ्या. आणि तांबूस.

"भाजलंय!" तो ओरडलाच. "बघ, बघ! भाजलेलं बी दिलंय मला!"

उत्पलेने एक बी उचलून तळहातावर तोलले. "पिकलेलं बी असंच असतं. वजन तर बघा."

"तू गप्प बस. चांगलं बी कोण देतं? तू दिलं असतंस? मी दिलं असतं?"

उत्पलेने बी पुरचुंडीत परत टाकले. तिला मेव्हण्याची, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाची गोष्ट आठवली असावी.

रोहकाला रात्रभर स्वस्थता नव्हती. दोन पुरचुंड्या आपण आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. एक त्याने स्वतःला ठेवली, एक मला दिली. माणूस स्वतःला काय ठेवतो? उत्तम तेच ठेवतो. इतकी सरळ गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमिल नदीवर आंघोळीला गेला तेव्हा रोहक त्याच्या पडवीत शिरला. त्या घराला कडी नव्हती, हेही रोहकाला संशयास्पदच वाटे. त्याने खुंटीवरची पुरचुंडी सोडवून पाहिली. आत पांढरेशुभ्र, चपटे, देखणे बी होते. "हे बघ खरं बी," असे मनाशी म्हणत त्याने आपली पुरचुंडी तिथे अडकवली, ती घेतली आणि मांजरासारखा घरी आला. ही चोरी आहे असे त्याला क्षणभरही वाटले नाही. आपण फक्त फसवणुकीतून आपला जीव सोडवला, असेच त्याला वाटले. किती तरी दिवसांनी त्या दुपारी तो पोटभर जेवला.

पेरणीच्या दिवशी मात्र तो पुन्हा फटीपाशी होता. सोमिलने पुरचुंडी सोडली, बी तळहातावर घेतले आणि थांबला. त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. फटीमागे रोहकाला वाटले, आता ओरडणार, आता आळी गोळा करणार! पण सोमिल खाली बसला आणि एकेक बी टोक खाली करून जपून मातीत लावले. मग हात धुऊन तो रोहकाच्या दाराशी आला.

"रोहका, बियाबद्दल थोडं बोलायचं होतं."

"मला काही ऐकायचं नाही!" रोहक आतूनच म्हणाला.

"तुझ्याच हिताचं आहे. तू पेरायच्या आधी..."

"माझं हित मी बघीन. दादा, स्पष्ट सांगतो, माझ्या परसात पाऊल टाकायचं नाही आणि माझ्या पिकाबद्दल बोलायचंही नाही."

सोमिल तसाच माघारी गेला. आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा दार बंद होते. उत्पलेकरवी निरोप द्यावा तर तिलाही रोहकाने बजावले होते, त्या घराशी बोललीस तर बघ.

रोहकाचे बी उगवले, नाही असे नाही. तिसातले नऊ. रोपे फिकी, लांबट, बोट लावले तर मोडतील अशी. ओल्या शेणाच्या धगीने त्यातली पाच गेली. पलीकडे एकवीसच्या एकवीस वर आले आणि बघता बघता मांडवाला टेकले. फुटव्यावर फुटवा, पानावर पान.

आणि आणखी एक विचित्र गोष्ट. सोमिल आपले वेल मांडवावर न चढवता भिंतीवर चढवू लागला. रोज एकेक शेंडा हाताने धरून भिंतीवरून अलीकडे, रोहकाच्या बाजूला सोडू लागला. एका सकाळी रोहक पाहतो तर सात-आठ हिरवे शेंडे भिंतीवरून त्याच्या परसात डोकावत आहेत.

"हद्द ओलांडतोय! आज वेल, उद्या जमीन!" त्याने विळा घेतला आणि सगळे शेंडे सपासप छाटले.

आता दुधीचा शेंडा खुडला की त्याला बाजूने फांद्या फुटतात आणि फळ धरणारी फुले या बाजूच्या फांद्यांनाच जास्त येतात, हे कोणाही जाणत्या माळ्याने सांगितले असते. पंधरा दिवसांत जिथे एक शेंडा होता तिथे तीन फांद्या आल्या, लेकुरवाळ्या. रोहकाने त्या छाटल्या नाहीत; छाटले की त्या वाढतातच, हे त्याने पाहिले होते. त्याने त्या उचलून भिंतीपलीकडे फेकल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा अलीकडे. पुन्हा फेकल्या. असा खेळ भाद्रपदभर चालला आणि दोघांपैकी एकानेही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

भाद्रपद सरता सरता रोहकाच्या मांडवावर एकच दुधी उरला. मनगटाएवढा, एका कुशीवर चेपलेला, पाणी कमीजास्त झाल्याने तडकलेला. पलीकडे दुधीचे लोंगर लटकत होते. रोहक फटीशी बसून विचार करी. पांढरे बी खरे आणि तांबूस बी भाजलेले, तर भाजलेले उगवले कसे? म्हणजे ते भाजलेले नव्हते. म्हणजे चांगले होते. म्हणजे त्याने मला चांगले दिले? छे, असे कसे होईल! आणि मग एके दिवशी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, त्याला ठाऊकच होते! मी संशयी आहे, मी पुरचुंडी बदलणार, हे त्याने आधीच ओळखले. म्हणून मुद्दाम चांगले मला दिले आणि वाईट खुंटीला लावले, म्हणजे मी बदलून वाईट नेणार आणि चांगले त्याच्याकडेच राहणार! केवढा हा कावा! रोहकाला आपल्या बुद्धीचे कौतुक वाटले आणि तो रागारागाने तक्रारीचे शब्द मनात जुळवू लागला.

आश्विन पौर्णिमा उजाडली. पाकशाळेचा अधिकारी दोन सेवकांसह आळीत आला. तो प्रत्येक घरापुढे थांबे, दुधीला नख लावून पाही, देठाकडची चकती चाखे आणि मान हलवी. मागून सगळी आळी चालत होती. रोहकाच्या दाराशी आल्यावर उत्पलेने तो तडकलेला दुधी पुढे केला. तिने रात्रीच भांडी बांधून ठेवली होती. मुली तिच्या पदराला धरून उभ्या होत्या.

अधिकाऱ्याने चकती जिभेला लावली आणि तोंड वाकडे केले. "कडू. रोहक माळी, हे तिसरं वर्ष. अट तुला ठाऊक आहे."

"आर्य, थांबा!" रोहक गर्दीपुढे आला. त्याचा आवाज फाटला होता. "माझी तक्रार आहे. या सोमिलनं मला फसवलं! घर जायचं ते याचं जायला हवं, माझं नव्हे!"

अधिकारी म्हणाला, "काय फसवलं? नीट सांग."

"याच्याकडे दोन प्रकारचं बी होतं. एक चांगलं, एक वाईट. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!"

"मग?"

"मग यानं चांगलं बी मला दिलं आणि वाईट स्वतःला ठेवलं! मुद्दाम! म्हणून मी ते बदलून..."

रोहक थांबला. त्याचे शब्द त्याच्याच कानांवर पडले होते.

कोणीतरी मागे फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. उत्पला नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. तिला पुरचुंडीच्या अदलाबदलीचे काहीच ठाऊक नव्हते.

अधिकारी सावकाश म्हणाला, "यानं चांगलं तुला दिलं आणि वाईट स्वतःला ठेवलं. बरोबर? ही तुझी तक्रार?"

संशयाच्या भरात मनात रचलेला तो कावा चारचौघांत बोलून दाखवताच त्यात कावा राहिलाच नाही. उरले ते एवढेच, की शेजाऱ्याने त्याला उत्तम तेच दिले होते आणि त्याने ते आपल्याच हाताने परत नेऊन ठेवले होते.

"पडवीत शिरून बी बदललंस म्हणजे चोरी केलीस," अधिकाऱ्याचा आवाज कडक झाला. "आता कार्तिकाचीही वाट पाहायला नको."

"आर्य," सोमिल पहिल्यांदाच बोलला, "माझी काही तक्रार नाही. पण एक खरी गोष्ट सांगायला हवी. ते तांबूस बी मी रोहकाला दिलं तेव्हाच त्याचं झालं होतं. ते फिरून माझ्या खुंटीला आलं. पेरायच्या वेळी माझ्या ध्यानात आलं. मी सांगायला गेलो, पण त्याच्या मनात माझ्याबद्दल एवढी भीती होती की तो ऐकेना. जबरदस्तीनं परत दिलं असतं तर त्यानं ते चुलीत घातलं असतं. म्हणून मी ते माझ्या मातीत लावलं आणि सांभाळलं. राजाची अट बियाची आहे. तेव्हा माझ्या परसातले हे सगळे दुधी रोहकाचे आहेत. मी ते त्याच्या बाजूला सोडायचा प्रयत्न करत होतो."

"आणि तुझा दुधी कुठे आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

"पांढरं बी माझं होतं," सोमिल म्हणाला आणि त्याने अधिकाऱ्याच्या हातातला तडकलेला दुधी घेतला. "हा माझा. हा नापसंत आहे, हे मलाही दिसतं. तसं लिहून घ्या."

सात वर्षे राजाच्या पहिल्या पानात ज्याचा दुधी वाढला जाई, तो माणूस सगळ्या आळीसमोर कडू दुधी हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा रोजच्यासारखाच होता. फुले टेकवताना असे तसाच.

"का?" रोहकाने विचारले. "का दिलंत मला चांगलं?"

"तुझं तिसरं वर्ष होतं," सोमिल म्हणाला. "माझं एका वर्षानं काय बिघडलं असतं?"

रोहक त्या उत्तराकडे पाहत राहिला. सवयीने त्याचे मन त्यात खोच शोधू लागले, तळाशी काय पुरले आहे ते उकरू लागले. पण तिथे काही नव्हते. जेवढे बोलले गेले तेवढेच होते. अशी गोष्ट त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले आणि तो मुलींसमोर, आळीसमोर, हमसून हमसून रडला. त्याला कोणी अडवले नाही.

मग त्याने डोळे पुसले, पुढे झाला आणि सोमिलच्या हातातला दुधी धरला.

"सोडा, दादा. हा माझा आहे."

"नाही रे. बी माझं होतं."

"बी तुमचं, पण कडू कोणी केलं? ओलं शेण मी घातलं, पाण्यात बुडवला मी, मग तहानलेला ठेवला मी. आर्य, हा कडू दुधी माझ्या नावावर लिहा. ते चांगले दुधी मी नाही घेणार. मी घर सोडतो."

उत्पलेने एकदा बांधलेल्या भांड्यांकडे पाहिले आणि एकदा नवऱ्याकडे. तिने मान खाली घातली नाही. "हो आर्य, आमचाच आहे तो," ती म्हणाली.

"हे बरोबर नाही," सोमिल म्हणाला. त्यानेही दुधी सोडला नाही.

अधिकारी गोंधळून गेला. इतकी वर्षे तो या आळीत येत होता. चांगल्या दुधीवरून झालेली भांडणे त्याने पुष्कळ मिटवली होती, शिव्या ऐकल्या होत्या, एकदा काठ्या चाललेल्याही पाहिल्या होत्या. पण कडू दुधी माझा म्हणून दोन माणसे तो दोन्हीकडून धरून उभी आहेत, असे त्याने कधी पाहिले नव्हते. कोणाच्या नावावर काय लिहावे त्याला कळेना. त्याने दोघांनाही, दुधीसकट, राजापुढे नेऊन उभे केले आणि घडले ते सगळे सांगितले. बी भाजून द्यायची आळीतली खोड रोहकाने स्वतःच कबूल केली.

राजाने ऐकून घेतले. मग त्याने हात पुढे केला, तडकलेल्या दुधीची चकती मागून घेतली आणि आपल्या जिभेवर ठेवली. दरबार बघत राहिला. राजाने ती थुंकली नाही. त्याने ती चावून गिळली.

"माझ्या आजोबांची अट," राजा म्हणाला, "चांगला दुधी मिळावा म्हणून होती. तिच्या भीतीनं माणसं शेजाऱ्याला भाजलेलं बी देऊ लागली, हे मला आज कळलं. ही अट आज संपली. कोणीही घर सोडायचं नाही. आणि हा दुधी दोघांच्याही नावावर लिहू नका. त्यातला माझा वाटा मी खाल्ला."

त्या वर्षी रोहकाने परसातले शेण खणून काढले आणि सोमिलच्या खड्ड्याशेजारी स्वतःचा खड्डा खणला. हे करताना तो सारखा प्रश्न विचारी, आणि सोमिल जे सांगे ते जसेच्या तसे करी. एवढे मात्र खरे, की पहिले काही महिने सांगितलेले खरे आहे ना हे तो उत्पलेला हळूच विचारून घेत असे. जुनी सवय ती, एका हंगामात कुठली जायला!

*

श्रावस्तीच्या जेतवनात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा समोर सुपर्ण नावाचा भिक्षू बसला होता. एका स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, आपल्याला मिळालेले नवे चीवर, भिक्षूचे वस्त्र, त्याला दिले होते. ते नक्कीच कुठेतरी विटले असणार म्हणून त्याने ते परत ठेवून स्थविराचे जुने उचलून आणले होते आणि आता ते खांद्यावर फाटत होते. कथा संपली तेव्हा सुपर्णाची मान खाली गेली.

शास्ते शांतपणे म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा रोहक म्हणजे हा सुपर्ण. उत्पला म्हणजे याच नगरातली उपासिका नीला. कडू चकती गिळणारा राजा म्हणजे गृहपती आर्द्रक. आणि सोमिल माळी होतो मी."

मग कथेचे सार त्यांनी स्वतःच सांगितले. ज्याचा आपल्यावर भरवसा आहे त्याला चांगले देणे सोपे असते. ज्याचा आपल्यावर काडीचा भरवसा नाही, त्यालाही आपल्याकडचे उत्तम तेच द्यावे आणि त्याने ते टाकून दिले तरी त्याच्यासाठी सांभाळून ठेवावे, ही दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता होय.